नववा नंबर

लहानपणी वडिलांच्या चेतकवर मागे बसून पेट्रोलपंपावर गेला असाल, तर पेट्रोलमध्ये मोजून ऑईल घालायचा तो कार्यक्रम तुम्हाला आठवत असेल. ते टू-स्ट्रोक इंजिन. क्रँकच्या प्रत्येक फेरीला एक स्फोट, सुटे भाग थोडे, म्हणून वजनाला हलकं. शेजारच्या काकांची बुलेट मात्र फोर-स्ट्रोक. तिच्यात दोन फेऱ्यांमागे एक स्फोट. शिवाय व्हॉल्व्ह आणि कॅम यांचं ओझं, आणि ती ओळखीची धडधड. एवढा फरक लक्षात ठेवा, पुढची गोष्ट त्यावरच आहे.

मोटोक्रॉस म्हणजे माती, चिखल, चढउतार आणि उड्या असलेल्या मार्गावरची मोटरसायकल शर्यत. इथे गाडीचा एकेक किलो स्वाराच्या मनगटाला जाणवतो. १९६४ आणि १९६५ साली इंग्लंडचे जेफ स्मिथ बीएसएच्या फोर-स्ट्रोकवर ५०० सीसी गटाचे विश्वविजेते झाले. १९६६ साली पूर्व जर्मनीचे पॉल फ्रीडरिख्स सीझेड या चेकोस्लोव्हाकियातल्या टू-स्ट्रोकवर जिंकले, आणि फोर-स्ट्रोकचे दिवस भरले. बोल्टनमध्ये ॲलन क्ल्यूज यांनी बीएसएच्या इंजिनांवर सीसीएम गाड्या बांधून धुगधुगी टिकवली, पण मोठे कारखाने परत वळले नाहीत.

अशात यामाहाने एक्सटी-५०० बाजारात आणली. ४९९ सीसी, एकच सिलिंडर. ही ट्रेल गाडी होती : आठवडाभर रस्त्यावर चालवा, रविवारी रानवाटेने फिरवा. वजन सुमारे १४० किलो. चालू करताना पिस्टन योग्य जागी आलाय का हे कळावं म्हणून इंजिनावर काचेची छोटी खिडकी ठेवली होती. ती बघायची, डीकॉम्प्रेशनची कळ दाबायची, मग किक मारायची. रविवारच्या सहलीत याची मजा वाटते. शर्यतीत पडल्यावर, इंजिन बंद असताना आणि बाकीचे पुढे निघून जात असताना काय वाटत असेल, याचा विचार करा.

स्वीडनमधल्या दोघांनी नेमकी हीच गाडी निवडली. टॉर्स्टन हॉलमन २५० सीसीचे चार वेळा विश्वविजेते, तर स्टेन लुंडिन ५०० सीसीचे दोनदा. त्यांच्या आडनावांवरूनच गाडीचं नाव पडलं : एचएल-५००. दिवे, इंडिकेटर, बॅटरी काढून टाकणं हे कुणालाही सुचलं असतं. त्यांनी इंजिन तेवढं ठेवलं आणि बाकीची गाडी बदलली. सुरुवातीला हुस्क्वार्नाचा सांगाडा घेतला, पुढे-मागे शर्यतीचं सस्पेन्शन बसवलं. यात एक मेख होती. या इंजिनाचं ऑईल इंजिनाच्या तळाशी न राहता मूळ सांगाड्याच्या नळ्यांमध्ये साठवलेलं असे. सांगाडा बदलला की ऑईलसाठीही नवं घर शोधणं आलं.

१९७७ साली बेंग्ट ओबेरी ही गाडी घेऊन विश्वविजेतेपदाच्या मालिकेत उतरले. तेही दोनदा विश्वविजेते झालेले, पण आता तिशी ओलांडलेले. लक्झेंबर्गच्या ग्रां प्रीतल्या दोन शर्यतींपैकी एक त्यांनी जिंकली. वर्षअखेर त्यांचा नंबर आला नववा.

त्या वर्षीचा विजेता कोण? फिनलंडचे हाइकी मिकोला, यामाहाच्याच टू-स्ट्रोकवर! मग कारखान्याने फोर-स्ट्रोकमागे का लागावं? एचएल-५०० नंतर थोड्या संख्येने विक्रीला आली, पण शर्यतीच्या मैदानावरचं चित्र पालटलं नाही. फोर-स्ट्रोकवर पुन्हा ५०० सीसीचं विश्वविजेतेपद यायला १९९३ साल उजाडलं. ते बेल्जियमच्या जॅकी मार्टेन्स यांनी हुस्क्वार्नावर मिळवलं. १९९७ साली लास व्हेगासला डग हेन्री यांनी यामाहाच्या ४०० सीसी फोर-स्ट्रोकवर सुपरक्रॉस जिंकली, आणि १९९८ साली अमेरिकेचं २५० सीसी राष्ट्रीय मोटोक्रॉस विजेतेपदही. त्यानंतर काही वर्षांतच टू-स्ट्रोक मागे पडल्या.

इथे थोडा हिशेब मांडायला हवा. अमेरिकेच्या नियमांनुसार २५० सीसीच्या गटात ५५० सीसीपर्यंतची फोर-स्ट्रोक चालत होती. म्हणजे हेन्री यांच्या यशात कौशल्य होतं, नव्या इंजिनाची करामत होती आणि नियमाची सवलतही होती. शिवाय ती गाडी कारखान्याने शर्यतीसाठीच घडवली होती. ओबेरी यांच्या हाताखाली होतं ते रविवारच्या सहलीसाठी बनवलेलं इंजिन. म्हणून मला तो नववा नंबर मोठा वाटतो. इतिहासाच्या यादीत आपण पहिलं नाव वाचून पान उलटतो; कधीकधी खरी गोष्ट नवव्या ओळीवर असते.

तुम्ही अमेरिकेत असाल आणि शनिवारी संध्याकाळी मुलांना घेऊन स्टेडियममध्ये सुपरक्रॉस बघायला गेलात, तर मोठ्या गटातल्या गाड्यांचा आवाज नीट ऐका. त्या सगळ्या ४५० सीसीच्या फोर-स्ट्रोक. मुलांनी विचारलं, तर चेतक आणि बुलेटपासून सुरुवात करा.