कोळंबी, चिनी पद्धतीने परतलेली

कोळंबी, चिनी पद्धतीने परतलेली : सोललेल्या कोळंबीला मीठ, अंड्यातला पांढरा भाग आणि कॉर्नफ्लोअर यांचा पातळ हात देऊन, तापलेल्या कढईत थोड्या तेलावर आले-लसणीसह भराभर परतून केलेला चिनी पदार्थ. मंदारिन भाषेत त्याला ‘छाओ श्यारेन’ म्हणतात. यांगत्से नदीच्या मुखाजवळचा प्रदेश आणि दक्षिणेकडचा ग्वांगडोंग प्रांत या दोन भागांत तो विशेष रुजला. कढईत कोळंबी जेमतेम दोन-तीन मिनिटे असते. तिच्यावरची खरी मेहनत गॅस पेटवण्याआधीच होते, आणि घरी पदार्थ बिघडतो तोही बहुधा तिथेच.

तेलात झटपट परतण्याची रीत चीनमध्ये जुनी आहे. सहाव्या शतकात जिया सश्ये याने लिहिलेल्या ‘छीमिन याओशू’ या शेतीविषयक ग्रंथात, फोडलेली अंडी कांद्याच्या पातीचा पांढरा भाग घालून तिळाच्या तेलात परतण्याची कृती आहे. पुढे सुंग राजवटीच्या काळातल्या कायफंग शहराच्या वर्णनांत परतलेले शिंपले आणि खेकडे विकले जाताना दिसतात. छिंग काळातला कवी आणि जातिवंत खवय्या युआन मेई याने तर १७९२ मधल्या ‘सुइयुआन शिदान’ या आपल्या पाकग्रंथात परतलेल्या कोळंबीला स्वतंत्र नोंदच दिली. नोंद दोन-तीन ओळींची आहे, पण मोलाची. कोळंबीसोबत चिनी लसणीची पात चालेल, हिवाळ्यात खारवलेली मोहरीची पाने घालायची असतील तर मात्र पात नको, आणि काही जण शेपटीकडचा भाग ठेचून चपटा करतात व नुसताच परततात, असे तो सांगतो. कोळंबीची चव नाजूक असते. दोन उग्र वासांच्या मध्ये ती सापडली की संपलीच. आजच्या घरगुती कढईसाठीही सोबतीला एकच भाजी ठेवणे उत्तम.

प्रांताप्रांतांत पदार्थाचे रूप बदलते. यांगत्सेच्या खालच्या खोऱ्यात गोड्या पाण्यातली बोटाच्या पेराएवढी कोळंबी वापरतात आणि सोया सॉस बहुतेक टाळतात. ताटलीत पांढरट गुलाबी दाणे आणि फार तर चार हिरवे मटार. हांगझोऊ शहराची लाँगजिंग कोळंबी हे याच घराण्यातले सर्वांत देखणे रत्न. चिंगमिंग सणाच्या, म्हणजे एप्रिलच्या पहिल्या आठवड्याच्या, आधी खुडलेली लाँगजिंग चहाची कोवळी पाने गरम पाण्यात उमलू देतात आणि ती पाने व थोडा अर्क शेवटच्या क्षणी कोळंबीवर घालतात. १९५६ मध्ये झेजियांग प्रांताने हांगझोऊचे ३६ नामांकित पदार्थ जाहीर केले, त्यांत तिचा समावेश होता. ग्वांगडोंगमध्ये समुद्राची मोठी कोळंबी घेतात; पाठीवर खोल चीर दिल्यामुळे ती आचेवर चेंडूसारखी वळते. मऊसर अंड्यात गुंफलेली कोळंबी हा तिथला रोजच्या जेवणातला प्रकार. सिचुआनी पद्धतीत सुक्या मिरच्या, सिचुआन मिरी आणि शेंगदाणे किंवा काजू येतात. ग्वांगडोंगमधून अमेरिकेत गेलेल्या कॅंटनी स्वयंपाक्यांनी ‘लॉब्स्टर सॉस’मधली कोळंबी लोकप्रिय केली. तिच्यात लॉब्स्टर नसतो. डुकराचा खिमा, आंबवलेले काळे सोयाबीन आणि अंडे यांचा तो रस मुळात लॉब्स्टरसाठी करत असत.

आता खुद्द कोळंबीकडे. तिच्या डोक्यात पचनग्रंथी असते आणि तीतली विकरे कोळंबी मेल्यावर शेजारच्या मांसावर काम करू लागतात. म्हणूनच डोक्यासकट फार वेळ पडून राहिलेली कोळंबी मानेपाशी भुसभुशीत होते. बाजारातून आणल्याबरोबर डोकी काढावीत आणि ती बर्फात ठेवावी, हा कोळीवाड्यातला शहाणपणा शास्त्राला धरून आहे. ताज्या कोळंबीचे कवच अंगाला घट्ट असते, डोके ओढल्याशिवाय सुटत नाही आणि वास समुद्राचा येतो, अमोनियाचा नाही. महाराष्ट्रातल्या बाजारांत हल्ली वर्षभर मिळणारी एकसारख्या आकाराची कोळंबी बहुधा तळ्यात वाढवलेली व्हनामेई असते. मूळची अमेरिका खंडाच्या पॅसिफिक किनाऱ्यावरची ही जात भारतात २००९ पासून व्यापारी पातळीवर वाढवली जाऊ लागली, आणि आंध्र प्रदेश तिच्या उत्पादनात आघाडीवर आहे. चिनी परतण्यासाठी ती अगदी योग्य, कारण सारख्या आकाराचे दाणे एकाच वेळी शिजतात. करंदी किंवा जवळा या कामाला घेऊ नये; त्यांची गोडी कालवणात आणि भुजण्यात खुलते.

गोठवलेली कोळंबी कमी प्रतीची समजण्याचे कारण नाही. पाकिटावरचे घटक मात्र वाचावेत. काही उत्पादक तिला फॉस्फेटच्या द्रावणात ठेवतात, त्यामुळे ती पाणी धरून ठेवते. कढईत हे पाणी सुटले की परतण्याऐवजी उकडणे सुरू होते. कोळंबी फ्रिजमध्ये रात्रभर ठेवून गोठण उतरवावी. घाई असेल तर बंद पिशवीत घालून गार पाण्यात बुडवावी.

साफ करताना पाठीवर उथळ चीर देऊन काळा दोरा काढतात. त्यानंतरची पायरी मराठी स्वयंपाकघरांत फारशी केली जात नाही, पण चिनी रेस्टॉरंटमधल्या त्या करकरीत, दाताखाली फुटणाऱ्या कोळंबीचे मर्म तिच्यातच आहे. पाव किलो सोललेल्या कोळंबीला अर्धा चमचा मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा चोळून पंधरा-वीस मिनिटे थंड ठेवायचे, मग गार पाण्याखाली चांगले धुवायचे. सोड्याने मांसाची अल्कता वाढते, त्यातली प्रथिने आचेवर कमी आवळतात आणि आतले पाणी आत राहते. सोडा जास्त झाला तर साबणासारखी चव येते, म्हणून धुण्यात कुचराई नको.

धुतलेली कोळंबी पुसायची, तीही मन लावून. स्वच्छ सुती फडक्यावर एका थरात मांडून वरून दुसऱ्या फडक्याने दाबली की फडके ओले होते. ते बदलून पुन्हा दाबावे. हात लावल्यावर कोळंबी बोटाला किंचित चिकटू लागली, पाण्यासारखी निसटेनाशी झाली, म्हणजे ती तयार. मग चिमूटभर मीठ, चिमूटभर पांढरी मिरपूड, अर्ध्या अंड्याचा पांढरा भाग आणि दोन छोटे चमचे कॉर्नफ्लोअर घालून एकाच दिशेने ढवळायचे. थोड्या वेळात पांढरा भाग सैल राहत नाही, कोळंबीवर चकचकीत पातळ कात चढते आणि भांड्याच्या तळाशी काहीच उरत नाही. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवल्यावर ही कात घट्ट बसते. इथे किराण्यातले पिवळे मक्याचे पीठ चालत नाही. पांढरा, कोरडा, बोटांत कुरकुरणारा स्टार्चच हवा.

रेस्टॉरंटमध्ये ही कोळंबी आधी १३०-१४० अंश सेल्सिअसच्या भरपूर तेलातून वीस-तीस सेकंद फिरवून काढतात. घरी एवढे तेल तापवणे खर्चिक आणि नकोसे. त्याऐवजी पातेलेभर पाण्याला उकळी आणून, त्यात चमचाभर तेल सोडून, कोळंबी अर्धा मिनिट घालावी आणि अर्धीकच्ची असतानाच झाऱ्याने काढून निथळावी. पोत जवळजवळ तोच मिळतो. लहान कोळंबीला ही पायरी गाळली तरी चालते.

मोठा प्रश्न आचेचा. चिनी रेस्टॉरंटच्या शेगडीची ज्योत घरच्या शेगडीच्या कितीतरी पट प्रखर असते. तिथे आचारी कढई सतत उडवत ठेवतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हंगतांग को आणि डेव्हिड हू या संशोधकांनी फ्राइड राइस करणाऱ्या आचाऱ्यांची हालचाल मोजली, तेव्हा ती सेकंदाला सुमारे पावणेतीन वेळा झाली. एवढ्या ज्योतीवर तसे उडवले नाही तर पदार्थ जळेल. घरच्या गॅसवर हीच नक्कल केली तर उलटे होते, कारण कढई ज्योतीवरून उचलली की ती गार पडते. घरी कढई बर्नरवरच ठेवावी आणि हलवावा तो उलथना. सॅन फ्रान्सिस्कोत वाढलेल्या ग्रेस यंग यांनी २००४ मध्ये ‘द ब्रेथ ऑफ अ वॉक’ हे पुस्तक लिहून अमेरिकी घरांत चिनी कढईचा प्रसार केला. घरच्या शेगडीसाठी त्या सपाट बुडाची, १४ इंची, कार्बन स्टीलची कढई सुचवतात. मराठी घरातली बीडाची कढई हा तिला चांगला पर्याय. ती तापायला वेळ घेते, पण तापली की उष्णता धरून ठेवते आणि गार कोळंबी पडल्यावरही पटकन हार खात नाही. नॉनस्टिक भांडे इतके तापवणे त्याच्या लेपाला सोसत नाही.

एका वेळी पाव किलोपेक्षा जास्त कोळंबी टाकू नये. चार माणसांसाठी करायची असेल तर दोन घाणे करावेत.

आता कृती. आले-लसूण चिरून, कांद्याची पात पांढरी-हिरवी वेगळी करून, भाजी अर्धवट उकडून आणि रस वाटीत कालवून हाताशी ठेवावा. रसाला दोन मोठे चमचे पाणी किंवा कोळंबीच्या कवचांचे सार, दोन छोटे चमचे फिका सोया सॉस, पाव चमचा साखर आणि अर्धा चमचा कॉर्नफ्लोअर पुरते. कोरडी कढई मोठ्या आचेवर इतकी तापवावी की पाण्याचा थेंब पडताक्षणी उडून जावा. मग दोन चमचे तेल कडेने सोडून लगेच पुढचे काम करावे; ‘कढई गरम, तेल गार’ हा चिनी स्वयंपाकाचा जुना धडा आहे, त्याने कोळंबी बुडाला चिकटत नाही. कॅंटनी घरांत यासाठी शेंगदाण्याचे तेल वापरतात, म्हणजे महाराष्ट्राला वेगळी खरेदी करायला नको. कोळंबी एका थरात पसरावी आणि अर्धा मिनिट हात आवरावा. चुरचुर एकसारखी ऐकू आली पाहिजे; ती मंदावून फसफस सुरू झाली तर पाणी सुटले असे समजावे. कडा गुलाबी झाल्या की उलटून आणखी पंधरा-वीस सेकंदांनी ताटलीत काढावी, मधोमध थोडी काचेरी दिसत असतानाच. त्याच कढईत चमचाभर तेलावर आले, लसूण आणि पातीचा पांढरा भाग दहा सेकंद परतून भाजी घालावी, मग कोळंबी परत, मग वाटीतला रस तळापासून ढवळून कडेने. रस चकाकू लागताच हिरवी पात भुरभुरवून गॅस बंद.

रंगावर फार भरवसा ठेवू नये. कच्च्या कोळंबीत अ‍ॅस्टाझॅन्थिन हे नारिंगी रंगद्रव्य प्रथिनाला जखडलेले असते. उष्णतेने प्रथिन उलगडते आणि रंग मोकळा होतो. हे पृष्ठभागावर आधी घडते, आतला गर मागाहून शिजतो. आकार जास्त विश्वासाचा: अर्धगोल वाक म्हणजे बरोबर, शेपूट डोक्याकडच्या टोकाला टेकून पूर्ण वेटोळे झाले म्हणजे वातड. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने समुद्री अन्नासाठी ६३ अंश सेल्सिअस हे सुरक्षित तापमान सांगितले आहे. ताटलीत काढलेली कोळंबी स्वतःच्या उष्णतेने आणि रसातल्या फेरीने तिथवर पोहोचते.

चिनी कृतींत शाओशिंगची तांदळाची वाइन हमखास असते. ती मिळाली नाही तर कोरडी शेरी चालते, आणि मद्य नकोच असेल तर सरळ गाळावी. व्हिनेगर हा तिचा पर्याय नव्हे. तिळाच्या तेलाबाबतही घोटाळा होतो. चिनी तेल भाजलेल्या तिळांचे, गडद आणि खमंग असते, आणि ते शेवटी थेंबभर सुवासापुरते घालतात. घाणीवरचे आपले फिके तीळतेल तो वास देत नाही.

मुंबईकरांच्या जिभेवरचे ‘चायनीज’ याहून निराळे आहे. कोलकात्याच्या चिनी वस्तीतून आलेले नेल्सन वाँग यांच्या नावावर १९७५ मधले चिकन मांचुरियन सांगितले जाते, तेही मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियातले. त्या परंपरेतली चिली प्रॉन्स जाड पिठात तळून, हिरवी मिरची आणि गडद सोया सॉसच्या रश्श्यात घोळवतात. तो स्वतंत्र आणि चविष्ट पदार्थ आहे. पण त्याचे जाड आवरण आणि या नोंदीतली अंड्याची पातळ कात यांची गल्लत केली तर दोन्ही बिघडतात.

ज्यांना कवचधारी जलचरांचे वावडे आहे त्यांना हा पदार्थ कोणत्याही रूपात चालत नाही. ॲलर्जीला मुख्यतः कारण असणारे ट्रोपोमायोसिन हे प्रथिन शिजवल्यानेही निकामी होत नाही, म्हणून त्यांच्यासाठी उलथना आणि कढईसुद्धा वेगळी हवी. कोळंबी गरम भाताबरोबर लगेच वाढावी. उरली तर पुन्हा तापवल्यावर ती कडक होते. त्यापेक्षा दुसऱ्या दिवशी तुकडे करून, अंडे घालून परतलेल्या भातात अगदी शेवटच्या अर्ध्या मिनिटात मिसळावी.