‘एफ ऑफ एक्स’ म्हणजे नेमके काय?

अकरावी-बारावीत कलनशास्त्राचा अभ्यास सुरू होतो, तेव्हा अनेक विद्यार्थी आकडेमोडीच्या आधी चिन्हांपाशीच अडखळतात. ‘एफ ऑफ एक्स’ म्हणजेच फ(क्ष) हे चिन्ह पाहून त्यांना ‘फ गुणिले क्ष’ असे वाटते. बीजगणितात अक्षरापुढील कंस गुणाकार दर्शवतो, त्यामुळे असे वाटणे स्वाभाविक आहे. येथे मात्र ‘फ’ ही संख्या नसून नियमाचे नाव आहे आणि कंसात आहे ती त्या नियमाला पुरवलेली संख्या. अशा नियमाला फलन (फंक्शन) म्हणतात. ही लेखनपद्धती स्विस गणिती लेओनार्ड ऑयलर यांनी १७३४च्या सुमारास वापरली व पुढे ती रूढ झाली.

उंचावरून सोडलेला दगड हवेचा रोध नगण्य मानल्यास क्ष सेकंदांत सुमारे ५क्ष² मीटर खाली येतो. म्हणून फ(क्ष) = ५क्ष² असे लिहू. कंसात जे येईल त्याचा वर्ग करून पाचाने गुणायचे, एवढाच हा नियम. त्यानुसार फ(१) = ५, फ(२) = २० आणि फ(३) = ४५. येथे फ(१) व फ(२) यांची बेरीज २५ होते, ती फ(१+२) एवढी नाही, हे ध्यानात ठेवावे. त्याचप्रमाणे फ(क्ष+ह) म्हणजे ५(क्ष+ह)². ५क्ष² मध्ये नुसता ‘ह’ मिळवून चालत नाही.

आता तिसऱ्या सेकंदाच्या अखेरीस, नेमक्या त्या क्षणी, दगडाचा वेग किती? वेग म्हणजे अंतर भागिले वेळ. पण एका क्षणात अंतरही शून्य आणि वेळही शून्य. म्हणून लहान लहान कालावधींचा सरासरी वेग पाहू. ३ ते ४ सेकंदांत तो सेकंदाला ३५ मीटर येतो, ३ ते ३.१ सेकंदांत ३०.५ आणि ३ ते ३.०१ सेकंदांत ३०.०५. कालावधी ‘ह’ असेल, तर [फ(३+ह) − फ(३)] ÷ ह याचे उत्तर ३० + ५ह येते. ‘ह’ शून्याच्या जवळ जाऊ लागला की हे उत्तर हवे तितके ३०च्या जवळ जाते. या ३०ला सीमा म्हणतात आणि हाच त्या क्षणीचा वेग होय. तीनऐवजी कोणताही क्षण घेतला, तर याच रीतीने १०क्ष हे नवे फलन मिळते. ते मूळ फलनाचे अवकलज (डेरिव्हेटिव्ह) होय.

‘ह’ने भागताना तो शून्य नाही असे मानायचे आणि शेवटी त्याला शून्य धरायचे, यातील विसंगतीवर बिशप जॉर्ज बर्कली यांनी १७३४मध्येच बोट ठेवले होते. ‘ह’ला शून्य न करता उत्तर कोणत्या संख्येकडे झुकते ते पाहायचे, हा सीमेचा विचार फ्रेंच गणिती कोशी यांनी १८२०च्या दशकात काटेकोरपणे मांडला, तेव्हा या आक्षेपाला समाधानकारक उत्तर मिळाले.

अवकलज लिहिण्याच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. लाग्रांज यांची पद्धत फ′(क्ष) अशी आहे. लायब्निट्स यांची ‘डीवाय बाय डीएक्स’ ही पद्धत १६८४मध्ये प्रसिद्ध झाली. ती अपूर्णांकासारखी दिसते, पण एका भागाकाराची सीमा दर्शवते.

फ′(३) काढताना आधी अवकलज काढावा आणि मग क्षच्या जागी ३ घालावेत. उलट केल्यास ४५ ही स्थिर संख्या उरते व तिचा अवकलज शून्य येतो. म्हणजे वेगाने खाली येणारा दगड कागदावर थांबतो! फ(३) सांगते दगड किती खाली आला, तर फ′(३) सांगते तो किती वेगाने येत आहे. पहिल्याचे एकक मीटर, दुसऱ्याचे मीटर प्रतिसेकंद. उत्तरापुढे एकक लिहिण्याची सवय ठेवली, तर या दोहोंची गल्लत सहसा होत नाही.