ड्रिफ्टिंग
वळणावर मोटारगाडीची मागची चाके हेतुपुरस्सर घसरवून, गाडी तिरकी ठेवत पण ताब्यात राखून चालविण्याचे तंत्र व त्यावर आधारलेला क्रीडाप्रकार. उगम जपानमधील. १९७० च्या दशकात कुनिमित्सु ताकाहाशी याने सर्किटवरील शर्यतींत हे तंत्र वापरले. केइची त्सुचिया याने ते घाटरस्त्यांवर घोटले व १९८७ मधील ‘प्लसपी’ या चित्रफितीमुळे त्याचा प्रसार झाला. जपानमध्ये २००१ पासून डी-१ ग्रां प्री, तर अमेरिकेत २००४ पासून फॉर्म्युला ड्रिफ्ट या मालिका भरतात.

यासाठी मुख्यतः मागच्या चाकांना शक्ती पुरविणाऱ्या गाड्या वापरतात. हँडब्रेक खेचला किंवा क्लच क्षणभर दाबून एकदम सोडला, की मागच्या टायरांची पकड सुटते, मग स्टिअरिंग वळणाच्या उलट दिशेने फिरवून व अ‍ॅक्सिलरेटर कमीजास्त करून घसरण टिकविली जाते (पहा : घर्षण, डिफरन्शियल). पात्रता फेरीत गाडी एकटी धावते. पुढे दोन गाड्या जोडीने धावतात : पुढची ठरलेला मार्ग आखते, मागची तिच्या शक्य तितक्या जवळून तोच कोन धरते.

निकाल वेळेवर नव्हे, तर मार्ग, कोन व शैली यांना परीक्षकांनी दिलेल्या गुणांवर ठरतो. या खेळाच्या मोटारक्रीडा म्हणून असलेल्या दर्जाविषयीचा वाद मुख्यतः याच मुद्द्यावर आहे. मात्र गुणांकनावर ठरणारे खेळ अन्यत्रही मान्य आहेत (पहा : जिम्नॅस्टिक्स; फिगर स्केटिंग). डी-१ मध्ये गुणांकनासाठी संवेदकांचाही वापर होतो. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाने (एफआयए) २०१७ मध्ये टोकियोत आंतरखंडीय ड्रिफ्टिंग चषक भरविला. त्यामुळे संस्थात्मक पातळीवर मान्यतेचा प्रश्न उरलेला नाही. सार्वजनिक रस्त्यांवरील ड्रिफ्टिंग या मान्यतेत मोडत नाही (पहा : मोटार शर्यती, रॅली).