जप्तीचे लाकूड आणि लोकोपयोगी वास्तू

कन्हान नदीच्या काठी वसलेल्या मौदा परिसराच्या उत्तरेस रामटेक, देवलापार व पेंचचे सागवनी अरण्य पसरलेले आहे. सिमेंट-लोखंडाचा काळ येण्यापूर्वी या भागात घर बांधावयाचे म्हणजे सागवानाचे खांब, तुळया आणि कड्या जमविणे हे पहिले काम असे. आपल्याकडील वास्तूंचा इतिहास हा अशा रीतीने वनांच्या इतिहासाशी बांधला गेला आहे. त्या इतिहासातील एक दुर्लक्षित प्रकरण म्हणजे चोरट्या तोडीतून जप्त झालेले लाकूड. ते कोणाचे, आणि त्याचा योग्य विनियोग कोणता, हा प्रश्न तीनशे वर्षांपासून वेगवेगळ्या रूपांत पुढे येत राहिला आहे.

मराठी राज्यात या विषयाचा सूक्ष्म विचार झालेला दिसतो. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, इ. स. १७१५ च्या सुमारास, आरमारासाठी लागणाऱ्या लाकडाविषयी स्पष्ट दंडक घालून दिलेला आहे. सागवान तोडावयाचे ते परवानगीनेच. आंबा-फणसासारखी झाडे रयतेने लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात, म्हणून त्यांना हात लावू नये. एखादे जीर्ण झाड घेणे भागच पडले, तर धन्यास राजी करून व मोबदला देऊन घ्यावे. राज्याचे कार्य कितीही मोठे असले तरी त्यासाठी अन्यायाने मिळविलेले लाकूड वापरू नये, हा त्यामागील विचार आहे.

इंग्रजी अमलात चित्र पालटले. १८६१ मध्ये मध्यप्रांताची स्थापना झाली व १८६७ मध्ये रेल्वे नागपुरास पोहोचली. पुढे पूर्वेकडे गेलेला लोहमार्ग मौद्याजवळच्या थारसा स्थानकावरून जातो. रुळांखालील स्लीपर, पूल व सरकारी इमारती यांसाठी लाकडाची मागणी अतोनात वाढली. १८६४ मध्ये डिट्रिच ब्रँडिस यांच्या अधिपत्याखाली वनखाते स्थापन झाले आणि १८६५, १८७८ व १९२७ या वर्षांच्या कायद्यांनी वनांवरील सरकारी ताबा क्रमाक्रमाने पक्का केला.

१९२७ चा भारतीय वन अधिनियम आजही जप्तीचा मूलाधार आहे. कलम ५२ अन्वये वनगुन्ह्यातील माल, हत्यारे, गाड्या व जनावरे ताब्यात घेता येतात. पंचनामा होतो, मोजमाप होते, लाकडावर खूण उमटविली जाते. जप्त माल सरकारजमा झाला की कलम ५६ प्रमाणे तो वनाधिकाऱ्याच्या ताब्यात जातो. नाशवंत माल आधीच विकण्याची मुभा कलम ५८ देते. महाराष्ट्राने पुढे कलम ६१-अ व त्यालगतची कलमे जोडून प्राधिकृत वनाधिकाऱ्यास सरकारजमा करण्याचा अधिकार दिला आणि त्याविरुद्ध सत्र न्यायालयात दाद मागण्याची सोयही ठेवली. विल्हेवाटीचा रूढ मार्ग मात्र एकच राहिला, तो म्हणजे लिलाव. लाकूड व्यापाऱ्याकडे आणि पैसा कोषागारात.

या व्यवस्थेची दुसरी बाजूही विसरता येत नाही. गावकऱ्यांचे जळण, चराई व घरबांधणीचे लाकूड, ज्याला मध्यप्रांतात 'निस्तार' म्हणत, ते पूर्वापार चालत आलेले होते. नव्या कायद्याच्या चौकटीत तेच अनेक ठिकाणी गुन्हा ठरू लागले. म्हणूनच १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसद येथे राखीव जंगलातील गवत कापून सत्याग्रह केला. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला रायगड जिल्ह्यातील चिरनेर येथे जंगल सत्याग्रहींवर गोळीबार झाला. डोक्यावर मोळी नेणारी बाई आणि ट्रक भरून सागवान पळविणारा तस्कर यांना एकाच मापाने मोजता येत नाही, हा धडा त्या आंदोलनाने दिला. २००६ च्या वनहक्क कायद्याने निस्तारासारख्या पारंपरिक हक्कांना मान्यता देऊन ती उणीव काही अंशी भरून काढली.

स्वातंत्र्यानंतर या विषयाला वळण मिळाले ते गोदावर्मन खटल्यात. १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा वृक्षतोडीला देशभर आळा घातला. ईशान्य भारतात प्रचंड प्रमाणात अवैध लाकूड पडून होते. त्याविषयी जानेवारी १९९८ मध्ये न्यायालयाने जाहीर लिलावाचा मार्ग सांगितला, परंतु खर्च वजा जाता उरणाऱ्या रकमेचा निम्मा भाग लोकसहभागाने वृक्षलागवड करण्यासाठी राखून ठेवला. वनाचे जे गेले त्यातील काही वनाला परत मिळावे, हे तत्त्व येथे मान्य झाले.

योगायोग असा की त्याच वर्षी फेब्रुवारीत ब्राझील देशाने याहून पुढचे पाऊल टाकले. तेथील पर्यावरण गुन्हेविषयक कायद्याच्या कलम २५ मध्ये जप्त लाकडाचे मूल्यांकन करून ते वैज्ञानिक संस्था, रुग्णालये, कारागृहे व धर्मादाय संस्था यांना दान करण्याची तरतूद झाली. फिलिपिन्समध्ये १ फेब्रुवारी २०११ रोजी राष्ट्राध्यक्ष बेनिग्नो अक्विनो यांनी नैसर्गिक वनांतील तोड थांबविणारा आदेश काढला. त्यात जप्त ओंडक्यांवर शिक्षण खात्याचा अग्रहक्क ठेवला गेला. अशा लाकडातून सरकारी शाळांतील मुलांसाठी बाके तयार झाली. चोरांनी तोडलेल्या झाडावर बसून मूल अक्षरे गिरवू लागले, याहून चांगली परतफेड कोणती असू शकेल?

तथापि दानाच्या या वाटेवर सावधगिरीही हवी. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियातील आचे प्रांतात लाखो लोक बेघर झाले आणि घरबांधणीसाठी लाकडाची निकड निर्माण झाली. जप्त लाकूड वापरावे, अशी सूचनाही पुढे आली. परंतु गरजेच्या नावाखाली नवी चोरटी तोड वाढेल, ही भीती पर्यावरणप्रेमींनी बोलून दाखविली व बाहेरील देशांतून वैध लाकूड आणण्याचा आग्रह धरला. जप्तीचा माल सर्रास मिळू लागला की जप्तीच व्हावी, असे वाटणारे लोकही निर्माण होतात.

जैन विचारात या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी दिलेले आढळते. तत्त्वार्थसूत्रात अचौर्याणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत चोराला प्रवृत्त करणे म्हणजे स्तेनप्रयोग, चोरीचा माल घेणे म्हणजे तदाहृतादान आणि खोटी मापे वापरणे म्हणजे हीनाधिकमानोन्मान यांचा समावेश आहे. जप्त लाकूड स्वीकारणाऱ्या प्रत्येक संस्थेने या तिन्ही कसोट्या स्वतःला लावून पाहाव्यात. न्यायनिर्णय पूर्ण झालेला असावा. शासनाचा लेखी आदेश असावा. प्रत्येक नगाची लांबी, गोलाई व घनमीटर नोंदवहीत उतरलेले असावे. आणि ते लाकूड कोणत्या शाळेच्या छतात किंवा दवाखान्याच्या दारात गेले, हे गावासमोर मांडलेले असावे. हिशोब चोख असेल तरच अशा स्वीकाराला दानाची प्रतिष्ठा लाभते.

विदर्भाच्या सागवानाची कीर्ती आज दूरवर गेली आहे. २८ मे २०२३ रोजी उद्घाटन झालेल्या नव्या संसद भवनात नागपूरहून नेलेले सागवान वापरले गेले. राजधानीच्या वास्तूला शोभा देणाऱ्या या भूमीतील एखादी ग्रामीण शाळा मोडक्या दारांची असावी आणि आगारातील जप्त लाकूड खटला संपेपर्यंत उन्हापावसात पडून राहावे, हे विसंगत आहे. खटल्यांचा निकाल लवकर लागावा आणि सरकारजमा झालेल्या लाकडाचा काही भाग तरी, लिलावापूर्वी, ग्रामसभांच्या मागणीनुसार शाळा, वाचनालये व दवाखाने यांच्यासाठी राखून ठेवावा. एक झाड वाढण्यास साठ-सत्तर वर्षे लागतात. ते चोरीने कापले गेले, हे दुःख भरून येणारे नाही. पण त्याचे लाकूड चार माणसांच्या उपयोगी पडले आणि त्याच्या जागी नवे रोप लागले, तर त्या वृक्षाचे ऋण थोडे तरी फिटेल.