मांचुरियांतील महामारी व एक तरुण मिशनरी

प्लेगाचें नांव महाराष्ट्राला नवें नाहीं. १८९६ सालीं तो मुंबईस आला, तेथून पुण्यास पोंचला, आणि रोग्यांची शुश्रूषा करतां करतां १० मार्च १८९७ रोजीं सावित्रीबाई फुले त्यास बळी पडल्या. जिनें आयुष्यभर मुलींना शिकविलें तिनें शेवटीं रोग्यांच्या सेवेंत देह ठेवावा, ही कथा मराठी घराघरांत ठाऊक आहे. पुढें तेरा-चौदा वर्षांनीं याच रोगाची याहूनही उग्र अशी एक साथ चीनच्या ईशान्येकडील मांचुरिया प्रांतांत उसळली. तेथेंही अध्यापनासाठीं दूर देशाहून आलेला एक तरुण असाच कामास आला. त्याचें नांव डॉ. आर्थर जॅक्सन. त्याच्या मरणानें काय साधलें, आणि काय साधलें नाहीं, हें पाहण्यासारखें आहे.

तो काळ मोठा विलक्षण होता. इंग्लंड-अमेरिकेंतील विद्यार्थ्यांच्या मनांत परदेशीं जाऊन धर्मसेवा करण्याची ओढ उत्पन्न झाली होती. १८८५ सालीं ‘केंब्रिजचे सात’ या नांवानें प्रसिद्ध पावलेली तरुणांची तुकडी चीनला गेली, सी. टी. स्टड हा नामांकित क्रिकेटपटू त्यांतलाच. पुढच्याच वर्षीं अमेरिकेंत माउंट हर्मन येथें विद्यार्थ्यांचें शिबिर भरलें. तेथें शंभर जणांनीं अशा सेवेची तयारी दर्शविली, आणि त्यांतून विद्यार्थी-स्वयंसेवकांची मोठी चळवळ निघाली. चालू पिढींतच अवघ्या जगाला ख्रिस्ताचा संदेश पोंचवावयाचा, हें तिचें ब्रीद. १९१० च्या जून महिन्यांत एडिंबरो येथें जगांतील मिशनांची परिषद भरली, तेव्हां हा उत्साह शिगेस पोंचला होता.

चिनी लोकांची बाजू मात्र निराळी होती. १८५८ च्या तिएन्त्सिनच्या तहानें चीनचे दरवाजे मिशनऱ्यांना उघडले, ते परकीय तोफांच्या धाकानें. अफू आणि बायबल एकाच जहाजांतून उतरलीं, असें तेथील सामान्य माणसास वाटल्यास नवल नव्हतें. हा राग १९०० सालच्या बॉक्सर बंडांत उफाळून आला. मुक्देन शहरांत, म्हणजे आजच्या शेनयांगमध्यें, स्कॉटिश मिशनचे डॉ. ड्युगल्ड क्रिस्टी हे १८८३ पासून रोग्यांची सेवा करीत होते. त्यांचें रुग्णालयही त्या बंडांत जळून खाक झालें. क्रिस्टी पुन्हां परतले. १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धांत निराश्रितांची त्यांनीं काळजी घेतली, आणि हळूहळू लोकांचा विश्वास बसूं लागला. परक्या डॉक्टरांनीं किती दिवस पुरें पडावें? चिनी तरुणांनाच वैद्यक शिकवावें, त्यासाठीं मुक्देन येथें एक महाविद्यालय काढावें, हा ध्यास त्यांनीं घेतला. त्या भावी महाविद्यालयांत अध्यापन करण्यासाठीं १९१० च्या नोव्हेंबरांत जॅक्सन तेथें दाखल झाला. वय अवघें सव्वीस. शिक्षण केंब्रिजच्या पीटरहाउस कॉलेजांत व पुढें लिव्हरपूल येथें, आणि उष्ण कटिबंधांतील रोगांचा खास अभ्यास केलेला.

पण वर्ग भरण्यापूर्वींच महामारी येऊन ठेपली. मंगोलिया व मांचुरियाच्या माळांवर तार्बगान नांवाचा, बिळांत राहणारा एक केसाळ प्राणी असतो. युरोपांत त्याच्या कातड्यास भाव चढला, तेव्हां शान्तुंग प्रांतांतील हजारों गरीब मजूर शिकारीस लोटले. रोगट जनावर कोणतें आणि निरोगी कोणतें, हें जुन्या मंगोल शिकाऱ्यांना कळे; या नवशिक्यांना कळेना. त्यांच्यांत प्लेग शिरला. कडाक्याच्या थंडींत कोंदट धर्मशाळांतून शेंदीडशें माणसें एकमेकांस चिकटून निजत, आणि चिनी नववर्षासाठीं घरीं जाण्याकरितां आगगाडीच्या डब्यांत दाटीवाटीनें बसत. नोव्हेंबरांत रोग हार्बिनला होता. १९११ च्या जानेवारीच्या आरंभीं तो मुक्देनला आला.

चिनी सरकारनें हार्बिनला ज्यांना धाडलें ते डॉ. वू लिएन-तेह पिनांगमध्यें जन्मलेले व केंब्रिज येथेंच शिकलेले होते. १९१० च्या डिसेंबरांत तेथें पोंचतांच त्यांनीं शवविच्छेदन करून ठरविलें कीं, हा मुंबईंतल्यासारखा गांठीचा प्लेग नव्हे. येथें रोग फुप्फुसांत होता. उंदीर व पिसवा यांच्या वाटेनें न जातां तो रोग्याच्या खोकल्यांतून थेट दुसऱ्याच्या श्वासांत जात होता. म्हणून त्यांनीं जाळीदार कापडाच्या घड्यांत कापूस घालून स्वस्त मुखपट्टी बनविली. २०२० सालीं सर्व जगानें तोंडावर बांधलेल्या मुखपट्टीच्या पूर्वजांत हिची गणना होते. तिएन्त्सिनच्या वैद्यकीय विद्यालयाचे फ्रेंच प्रमुख डॉ. मेस्नी यांना मात्र हें मत पटलें नाहीं. उंदरांच्या सिद्धांतावर त्यांचा विश्वास होता. मुखपट्टीशिवाय त्यांनीं रोगी तपासले, आणि ११ जानेवारीस ते मरण पावले. जें ज्ञान एका ठिकाणीं तारक ठरतें तेंच दुसऱ्या ठिकाणीं डोळे मिटून लावलें तर मारक होतें, याचें हें कटु उदाहरण.

त्याच सुमारास मुक्देनहून दक्षिणेकडे निघालेल्या मजुरांच्या एका गाडींत प्लेगानें मृत्यु झाले. अधिकाऱ्यांनीं गाडी पुढें जाऊं दिली नाहीं. चारशेंहून अधिक मजूर मुक्देनला परत धाडण्यांत आले. रेल्वे स्थानकावरील व्यवस्था जॅक्सनकडे होती. गोठविणाऱ्या थंडींत त्यानें या माणसांना उतरवून घेतलें, स्थानकाजवळच्या धर्मशाळांतून ठेवलें, आजाऱ्यांस निरोग्यांपासून वेगळें काढलें. चिनी भाषा त्याला नुकतीच कुठें येऊं लागली होती. घरीं जाऊं पाहणारे, घाबरलेले, आपणांस कां अडकविलें हें न समजणारे लोक, आणि त्यांच्यांत उभा असलेला पांढऱ्या अंगरख्यांतला, तोंड झांकलेला परदेशी पोरगा, असें तें दृश्य होतें. रोज कांहीं माणसें मरत. तो रोज सर्वांना पाहून येई. मुखपट्टी होती, दक्षताही होती; तथापि दिवसचे दिवस रोग्यांच्या श्वासांत वावरणाऱ्यास पूर्ण अभय कोठून मिळणार? २४ जानेवारीस त्याला आजाराचीं लक्षणें दिसलीं, आणि २५ तारखेस तो गेला. मांचुरियाच्या भूमीवर पाय ठेवून त्याला तीन महिनेही झाले नव्हते.

प्रांताचे व्हाइसरॉय शी लिआंग यांनीं ब्रिटिश वकिलातींत भरलेल्या शोकसभेंत जें भाषण केलें तें अपूर्व मानलें जातें. राजधानींत रोग शिरूं दिला हा आपणां अधिकाऱ्यांचाच दोष, असें त्यांनीं कबूल केलें. परमुलखांतून आलेल्या तरुणानें आपल्या प्रजेसाठीं प्राण दिल्याबद्दल ऋण मानलें, आणि चिनी रीतीस अनुसरून त्याच्या आत्म्यास मांचुरियाच्या कल्याणासाठीं विनविलें. ज्या शहरांत अकरा वर्षांपूर्वीं मिशनचें रुग्णालय जाळलें गेलें, त्याच शहराच्या सर्वोच्च अधिकाऱ्याचे हे उद्गार होते.

परंतु केवळ त्यागानें साथ हटत नाहीं, हेंही याच हिंवाळ्यानें दाखविलें. हार्बिनजवळच्या फूजियादियान येथें रोमन कॅथॉलिक मिशनच्या आवारांत शेंकडों लोक आश्रयास एकत्र राहिले. त्यांच्यांतल्या आजाऱ्यांची वर्दी अधिकाऱ्यांना दिली गेली नाहीं. श्रद्धा होती, माया होती, दार सर्वांना उघडें होतें. आणि त्या उघड्या दारानेंच रोग आंत आला. आश्रितांपैकीं बहुसंख्य लोक व त्यांचे पाद्रीही मेले. जॅक्सनच्या सेवेंत आणि या सेवेंत प्रेमाचा फरक नव्हता. फरक होता तो एवढाच कीं, एकानें माणसें वेगळीं केलीं आणि दुसऱ्यांनीं तीं एकत्र कोंडलीं.

साथ अखेर शिस्तीनें हटली. डॉ. वू यांनीं फूजियादियानचे चार विभाग केले. प्रत्येक विभागाच्या रहिवाशांस निराळ्या रंगाचा बिल्ला दिला आणि एकांतून दुसऱ्यांत जाण्यास बंदी केली. संसर्ग झालेल्यांच्या सहवासांतील लोकांना रेल्वेच्या मालडब्यांतून अलग ठेवलें. भूमि गोठल्यामुळें प्रेतें पुरतां येईनात. हजारोंवर शवपेट्या उघड्यावर पडल्या होत्या. पूर्वजांच्या देहास अग्नि देणें हें चिनी मनाला अघोरी कृत्य; तरी पेकिंगहून बादशाही अनुज्ञा मिळाली, आणि ३१ जानेवारीस, ऐन नववर्षाच्या दिवसांत, सुमारें २,२०० शवपेट्यांचें दहन झालें. त्यानंतर मृत्यूंची संख्या उतरत गेली, आणि १ मार्च रोजीं हार्बिनमधील शेवटच्या रोग्याची नोंद झाली. एकंदर सुमारें साठ हजार माणसें गेलीं. एप्रिलांत मुक्देन येथें अकरा राष्ट्रांच्या वैद्यांची परिषद भरली. जपानचे कितासातो यांच्यासारखे मातबर शास्त्रज्ञ तेथें होते, आणि अध्यक्षस्थानीं होते बत्तीस वर्षांचे चिनी डॉक्टर वू लिएन-तेह.

आतां राहिली ती महाविद्यालयाची गोष्ट. व्हाइसरॉयनीं जॅक्सनच्या कुटुंबास दहा हजार डॉलर अर्पण केले. त्याच्या आईनें ती रक्कम स्वतःसाठीं न ठेवतां, मुलाला जेथें शिकवावयाचें होतें त्या महाविद्यालयास देऊन टाकली. १९१२ सालीं क्रिस्टींच्या हाताखालीं मुक्देन वैद्यकीय महाविद्यालय उघडलें. तेथें शिक्षण चिनी भाषेंतून दिलें जाई, ही गोष्ट विशेष ध्यानांत ठेवण्याजोगी. परभाषेंत शिकलेला वैद्य मोठ्या शहरांत राहतो. आपल्या भाषेंत शिकलेला खेड्यांतल्या म्हातारीला तोंड बांधावयास व दार लावावयास समजावून सांगूं शकतो. पुढें १९२०-२१ सालीं मांचुरियांत हाच प्लेग पुन्हां आला. या वेळीं मृत्यु दहा हजारांच्या आंतच राहिले, कारण डॉ. वू यांनीं १९१२ पासून उभारलेली प्लेग-प्रतिबंधक व्यवस्था सज्ज होती.

पिढीच्या आंत जग जिंकण्याचें त्या विद्यार्थी-चळवळीचें स्वप्न पुरें झालें नाहीं, आणि चीनमध्यें तें पुढेंही पुरें झालें नाहीं. ज्या तोफांनीं मिशनची वाट उघडली त्यांची आठवण चिनी मनांतून सहजासहजीं पुसली जाणारी नव्हती. तथापि मुक्देनच्या स्थानकावर जें घडलें त्यावर कोणत्याही तोफेची छाया नव्हती. तेथें एक डॉक्टर आपल्या जागेवर उभा राहिला, आणि त्याच्यामागें जें राहिलें तें विद्यालय होतें. धर्मांतराचे आंकडे कालौघांत विसरले गेले. मुक्देनच्या त्या शाळेंतून चिनी तरुण मात्र डॉक्टर होऊन बाहेर पडत राहिले.