घरसामान नेणाऱ्या कंपनीचा खरा मालक कोण? सामान गाडीत चढवण्याआधी हे बघून घ्या

हिंगोली : मे-जून आला की शिक्षक, पोलीस, बँकवाल्यांच्या बदल्या होतात. सेनगाव, कळमनुरी, औंढ्याकडची पोरं कामाला पुण्याला जातात, काहीजण परत येतात. पलंग, फ्रीज, कपाट, बाईक नेण्यासाठी मोबाईलवर 'पॅकर्स अँड मूव्हर्स' टाकलं की दहा नंबर दिसतात. त्यातला कोणता खरा, हे नंबर बघून कळत नाही.

फसवणुकीची पद्धत बहुतेक ठिकाणी सारखीच असते. फोनवर कमी भाडं सांगायचं, थोडी आगाऊ रक्कम घ्यायची. सामान गाडीत चढलं की दुसऱ्याच नंबरवरून फोन येतो, "वजन जास्त भरलं, टॅक्स वेगळा, पैसे टाका नाहीतर सामान गोडाऊनला राहील." संसार त्याच्या ताब्यात, म्हणून माणूस पैसे टाकतो. पोलिसांत गेल्यावर कळतं की पाटीवरचं नाव एक, पावतीवरचं दुसरं आणि पैसे गेले ते खातं तिसऱ्याचंच. मग तक्रार करायची कोणावर? तपास बहुतेक वेळा इथंच अडकतो.

नावाचा घोळ किती मोठा आहे, ते दिल्ली उच्च न्यायालयातल्या एका खटल्यात दिसलं. 'अग्रवाल पॅकर्स अँड मूव्हर्स' या नावाचा ट्रेडमार्क सांगणारी डीआरएस लॉजिस्टिक्स कंपनी गुगलविरुद्ध कोर्टात गेली. आमचं नाव शोधलं तरी दुसऱ्यांच्या जाहिराती वर दिसतात, अशी तिची तक्रार होती. 10 ऑगस्ट 2023 रोजी खंडपीठाने सांगितलं की दुसऱ्याचं नाव जाहिरातीसाठी कीवर्ड म्हणून वापरणं म्हणजे दरवेळी ट्रेडमार्कचा भंग होत नाही. पण जाहिरातीच्या या धंद्यात गुगल नुसता बघ्या नाही, आणि भंग झालाच असेल तर त्याला कायद्याचं संरक्षण मागता येणार नाही. आपल्या कामाची गोष्ट एवढीच की सगळ्यात वर दिसणारं नाव पैसे देऊन वर आलेलं असू शकतं.

अमेरिकेतही हाच धंदा चालतो. तिथं 2018 मध्ये ओहायो राज्यात घरसामान नेणाऱ्या कंपन्यांशी संबंधित 12 जणांवर सरकारने आरोपपत्र ठेवलं. तक्रारी वाढल्या की जुनी कंपनी बंद करायची आणि नव्या नावाने तोच कारभार पुढं चालवायचा, असा आरोप होता. कागदावरचा मालक वेगळा आणि चालवणारे वेगळे. तिथल्या नियमाप्रमाणे कच्चा अंदाज दिलेला असेल तर अंदाजाच्या 110 टक्के रक्कम भरल्यावर सामान सोडावंच लागतं. आपल्या कायद्यात असं टक्क्याचं बंधन नाही, त्यामुळं भाडं आधी लिहून घेणं जास्त गरजेचं.

आपल्याकडं यासाठी 2007 चा रस्ता मालवाहतूक कायदा आहे. तो 1 मार्च 2011 पासून लागू झाला. भाड्याने लोकांचा माल गोळा करणारा, साठवणारा, पोहोचवणारा, मग तो एजंट का असेना, त्याला परिवहन प्राधिकरणाकडं नोंदणी करावी लागते. गाडीची आरसी म्हणजे ही नोंदणी नव्हे. एमएच-38 ची गाडी दारात उभी राहिली म्हणून कंपनी खरी ठरत नाही. दंड मात्र फारच किरकोळ आहे, पहिल्या वेळी 5 हजारांपर्यंत. एवढ्यात कोण भिणार?

मालक शोधायचं काम मोबाईलवर पाच मिनिटांचं आहे. पावतीवरचा जीएसटी नंबर जीएसटीच्या साईटवर टाका. दुकानाचं नाव, कायदेशीर नाव, पत्ता आणि नोंदणी चालू आहे की रद्द झाली, सगळं दिसतं. 'प्रायव्हेट लिमिटेड' लिहिलं असेल तर कंपनी मंत्रालयाच्या साईटवर नाव बघा. आगाऊ रक्कम यूपीआयने टाकताना स्क्रीनवर कोणाचं नाव येतं ते वाचा. कंपनीचं नाव न येता भलत्याच माणसाचं आलं तर तिथंच थांबा.

आता बिल्टीचं. हळदीची काटापट्टी घेतल्याशिवाय आपण वसमतच्या मोंढ्यातून हलत नाही, पण घरसामान देताना कच्च्या चिठ्ठीवर भागवतो. बिल्टीवर सामानाची यादी, किंमत, ठरलेलं भाडं आणि पोहोचवायचा पत्ता पाहिजे. सामान हरवलं किंवा फुटलं तर नियमाप्रमाणे वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या 10 पटीपर्यंतच असते. भाडं 8 हजार असेल तर जास्तीत जास्त 80 हजार. सामान त्याहून महाग असेल तर जादा जोखमीचा दर भरून तसं लिहून घ्यावं लागतं. चढवताना मोबाईलवर व्हिडिओ काढला तर उत्तमच.

सामान हरवलं किंवा नुकसान झालं तर बुकिंगपासून 180 दिवसांच्या आत वाहतूकदाराला लेखी नोटीस द्यायची. ती दिली नाही तर पुढचा दावा अडतो. निष्काळजीपणा सिद्ध करायचं ओझं आपल्यावर नसतं. ग्राहक आयोगात 2 वर्षांच्या आत तक्रार करता येते. कंपनी पुण्याची असो की दिल्लीची, 2019 च्या कायद्यामुळं आपण राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे हिंगोलीतच अर्ज चालतो. सेवेसाठी दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही. आधी 1915 वर फोन करून बघा, काही प्रकरणं तिथंच मिटतात.

सामान अडवून पैसे मागितले किंवा गाडीच गायब झाली तर थेट पोलीस ठाणे गाठा. भारतीय न्याय संहितेच्या कलम 316(3) मध्ये वाहतुकीसाठी सोपवलेल्या मालाचा अपहार केल्यास 7 वर्षांपर्यंत शिक्षा आहे, फसवणुकीसाठी कलम 318 आहे. "घटना दुसरीकडची, तिकडं जा" असं सांगितलं तर झिरो एफआयआर मागा. ऑनलाईन पैसे गेले असतील तर 1930 वर लगेच कळवा, जितका उशीर तितकी रक्कम गोठवणं अवघड. अर्जासोबत बिल्टी, पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट, गाडीचा नंबर आणि ज्या ज्या नंबरवरून फोन आले ते सगळे जोडा.