वादळामागे धावणारी माणसं

हातात चहाचा पेला असावा, आणि समोरच्या पडद्यावर आभाळातून लोंबणारी काळी सोंड माळावरून भिरभिरत यावी. तिच्याच रोखाने चारदोन धाडसी माणसे मोटार हाकीत निघालेली असावीत! दूरचित्रवाणीने ही सोय आपल्याला घरबसल्या करून दिली आहे. तुम्ही म्हणाल, यात इतिहास कसला? इतिहास आहे, आणि तो विचार करायला लावणारा आहे.

ही सोंड म्हणजे टोर्नेडो. आपल्या कोकणकिनाऱ्यावर येणारे चक्रीवादळ निराळे. ते शेकडो किलोमीटर पसरते आणि त्याची वर्दी काही दिवस आधी लागते. टोर्नेडो पाहता पाहता जन्मतो आणि बहुधा काही मिनिटांत विरतो. अमेरिकेच्या ओक्लाहोमा, कॅन्ससकडच्या सपाट मुलखात त्याचा फार उपद्रव. आता जे असे येते आणि जाते, त्याचा अभ्यास करायचा कसा? ते काही प्रयोगशाळेत येत नाही. तेव्हा प्रयोगशाळेनेच त्याच्या मागे जायचे, हे ओघाने आलेच.

१९५०च्या दशकात रॉजर जेन्सन, डेव्हिड होडली असे हौशी लोक त्याच्या मागावर निघू लागले. १९६४ साली ओक्लाहोमातील नॉर्मन येथे रौद्र वादळांच्या अभ्यासासाठी राष्ट्रीय प्रयोगशाळा निघाली. २४ मे १९७३ रोजी युनियन सिटी या गावावर टोर्नेडो आला, तेव्हा तिच्या माणसांनी त्याच्या जन्मापासून अंतापर्यंतची चित्रे टिपली. त्याच वेळी नॉर्मनच्या डॉपलर रडारवरही त्याची नोंद होत होती. पुढे दोन्ही नोंदी शेजारी ठेवून पाहिल्या, आणि काय आढळले? सोंड जमिनीला टेकण्यापूर्वीच ढगात तिची खूण उमटलेली होती! १९९०च्या दशकात अशा रडारांचे जाळे देशभर पसरले, आणि तळघर गाठायला लोकांना थोडी अधिक मिनिटे मिळू लागली. पाठलागाचे फळ ते हे.

मग त्याची करमणूक झाली. १९९६ साली ‘ट्विस्टर’ चित्रपट आला. २००७ ते २०११ या काळात डिस्कव्हरी वाहिनीवर ‘स्टॉर्म चेसर्स’ ही मालिका चालली. शॉन केसीची चिलखती गाडी, जोशुआ वुरमनचे फिरते रडार... मोठी मौज! खरे सांगायचे तर सोंड जवळ कधी येते, याचीच मी वाट पाहत असे. जवळ येणे म्हणजे कुणाच्या तरी घरावर येणे, हे ध्यानात यायला मला वेळच लागला.

याच मालिकेत पुढे टिम समारास दिसू लागले. हे गृहस्थ पदवी न घेता इंजिनिअर झालेले. २४ जून २००३ रोजी दक्षिण डाकोटातील मँचेस्टर या खेड्याजवळ टोर्नेडोच्या वाटेवर त्यांनी स्वतः बनवलेले यंत्र ठेवले, आणि हवेचा दाब १०० मिलिबारने उतरल्याची नोंद मिळवली. ते खेडे मात्र उद्ध्वस्त झाले. समारास सावध म्हणून ओळखले जात. तरीही ३१ मे २०१३ रोजी ओक्लाहोमातील एल रेनोजवळ सुमारे ४.२ किलोमीटर रुंदीच्या टोर्नेडोने एकाएकी दिशा बदलली, वेग घेतला, आणि समारास, त्यांचा मुलगा पॉल व सहकारी कार्ल यंग असे तिघेही गेले. त्या दिवशी तिथले रस्ते पाठलाग करणाऱ्यांच्या गाड्यांनी गजबजले होते.

मग दोष कॅमेऱ्याला द्यायचा का? तसे नाही. कॅमेरा १९७३ सालीही होताच की! पण त्या चित्राची वाट पाहणारा माणूस रडारच्या नोंदी उलगडत बसला होता. आजच्या चित्राची वाट आपण पाहत बसलेलो असतो. वाचकहो, अशी दृश्ये जरूर पाहा. मात्र सोंड जवळ आली की, तिच्या वाटेवर घर कुणाचे आहे आणि त्याला सूचना मिळाली का, हेही मनाशी विचारा. हा पाठलाग सुरू झाला तो याच प्रश्नासाठी.